केरूचं मशीन आमच्या पिंपात

३ नोव्हेंबर, सोमवार

आलं एकदाचं! अंगणात निळ्या पिंपात पाय बुडवून बसलंय, जावई आल्यासारखं. मी बोलते, नात नेत्रा लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला पोटात काही ठेवता येत नाही – बघू.

आमच्या होडीचं जुनं मशीन गेलं. चौदा वर्षं चाललं, आता त्याचे भाग मिळत नाहीत. म्हणून तिसऱ्या घरच्या केरूचं घेतलं. केरू शिमग्यात वारला, मशीन पडून होतं. त्याच्या बायकोने, गुणवंतीने, गोधडीत गुंडाळून ठेवलेलं. कंपनी वेगळी, आवाज वेगळा. हे म्हणाले, “मशीन ते मशीन.” तसं कसं?

ह्यांचे कान समुद्रावर मशीननेच खाल्ले. म्हणून सेटिंग करायचं तर हे स्क्रू फिरवणार, मी मागे उभी राहून ऐकणार. सूर लागला की ह्यांच्या खांद्यावर बोट ठेवायचं. अख्ख्या पूर्णगडात हे काम दुसऱ्या कुणाच्या बायकोला नाही. मला आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मला होतं!

सकाळी दोरी ओढली. पिंपातलं पाणी उडालं, धूर झाला, मी कान लावला – आणि काही कळेचना. परक्या गावातल्या बाईचं बोलणं ऐकावं तसं. बोट हवेतच. तेवढ्यात गुणवंती दगडी गडग्यापलीकडून, “भावोजी, अजून थोडं… अजून… बस!” हात वर केलान. हे थांबले. खूश!

मी सांगते तेव्हा ह्यांची पाठ माझ्याकडे असते. ती सांगते तेव्हा तोंड तिच्याकडे! बघितल्याशिवाय ऐकू येत नाही म्हणे. चाळीस वर्षं मला बघायची गरज पडली नाही ती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुणवंती आज पण आली. हे दाढी करून बसले होते. गुरुवारी!

नेत्रा हसते आहे. हसू नको, लिही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं, “रोज कशाला येतेस गो?” म्हणाली, “मशीन चालू झालं की पाय राहत नाहीत, वहिनी.” पाय! तिला चहा दिला. साखर कमी घातली.

९ नोव्हेंबर, रविवार

खाडीच्या तोंडावर मशीन बंद पडलं. भरती उतरत होती, होडी किल्ल्याखालच्या खडकांकडे सरकायला लागली. माझ्या मुलाने, सूरजने, वल्हं मारून कशीबशी वाचवली. त्याच्या हाताची साल निघालीय. प्लग काढून दाखवलान – तव्याच्या बुडासारखा काळा.

“बाबा, सेटिंग चुकलंय.”

“गुणवंतीचा कान चुकायचा नाही,” हे.

माझा मुलगा खडकावर जात होता आणि ह्यांना तिचा कान! जेवण वाढलं, पण मासा शेपटाकडचा वाढला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज दुपारभर मीच पिंपाशी पाट टाकून बसले. मशीन चालू, मी गप्प. परकी असली तरी ही मशीनबाई बाईच, बोलून बोलून किती लपवेल! कळलं शेवटी. तीन ठोके सरळ, चौथ्याला अडखळतं. गुणवंती नेमकी तिथेच ‘बस’ म्हणते.

संध्याकाळी आली तेव्हा तोंडावर म्हटलं, “हे अडखळतंय.”

“ते तसंच चालतं, वहिनी.”

“तसं कसं चालेल?”

“आमच्याकडे बावीस वर्षं चाललं. बंद पडू नये म्हणून आमचे ते एक हात सारखा चोकवर ठेवायचे.”

“आमच्या माणसांना दोन्ही हात लागतात,” मी म्हटलं. गेली. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना माझ्याकडे पाठ करून बसवलं. स्क्रू हळूहळू फिरवायला लावला. पाव फेरा – नाही. अर्धा – नाही. आणखी जरासा, आणि चौथा ठोका लागला! भाकरी थापावी तसा एकसारखा आवाज. ह्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं. हे वळून माझ्याकडे बघून हसले. बोट जरा जास्तच वेळ ठेवलं – हेही लिही.

सूरज खाडीबाहेर दोन फेऱ्या मारून आला. कुठे अडलं नाही. प्लग स्वच्छ.

उद्या गुणवंतीला मुद्दाम बोलावते. ऐक म्हणावं, कान कुणाचा ते!

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोलावलं. आली. मशीन चालू केलं. पिंपाच्या काठावर हात ठेवून तिने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, “आता ह्यात आमचे ते नाहीत, वहिनी.” आणि घरी गेली.

हे विचारत होते, “काय म्हणाली गो?”

मी सांगितलं, चांगलं झालंय म्हणाली.