दोनाच्या जागी आठ

रविवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, आणि वहिनीचा गुडघा आता तिला जिना चढू देत असेल. माझा खोकला गेला, आवाज राहिलाय तेवढा पुरे आहे.

शुक्रवारी विभागाच्या बैठकीत विभागप्रमुखाच्या खुर्चीतून तू सगळ्यांदेखत म्हणालास, "मॅडम, जे काय असेल ते लेखी द्या." आपल्या घरात मला नकटी, भांडकुदळ, रडूबाई सगळं म्हणून झालंय, पण मॅडम म्हणून कुणी ओरडलं नव्हतं. तर हे घे लेखी.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. "सदर प्रयोग मी थांबवत असून यापुढे नियमित पद्धतीने अध्यापन करीन." तू टाइप करून पाठवलेल्या या ओळीखाली मी सही करणार नाही. सही केली नाही तर बुधवारी विद्या परिषद माझा विषय काढून घेईल आणि मला वेळापत्रकं लावायला बसवेल, असंही तू शिपायाकरवी कळवलंस. कळलं. वेळापत्रकं मी चांगली लावीन. पण सही नाही.

तुझ्या तक्रारीतला एकेक मुद्दा खरा आहे. वर्गात गोंगाट असतो. बाकं गोल मांडलेली असतात, त्यामुळे डुलकी काढणाऱ्यांची पंचाईत होते. खोलीत भंगार आहे: सायकलचं पेडल, बादलीची कडी, खुर्चीचा पाय, कुणाच्या तरी आजोबांच्या चष्म्याची दांडी. प्रत्येकाने घरातलं मोडलेलं काहीतरी आणायचं, ते का मोडलं ते शोधायचं आणि बाकीच्यांना पटवून द्यायचं, एवढीच माझी पद्धत. मी त्यांच्यातच एका बाकावर बसते आणि "कशावरून?" एवढंच विचारते. मुलं मला कशावरूनबाई म्हणतात. तू मला "भंगारवाली" म्हणालास तेव्हा सगळे हसले. मीही हसले. विनोद बरा होता.

अभ्यासक्रम दोन प्रकरणं मागे आहे, हेही खरं. ती होतील. तुझ्या ठकूबद्दल शेवटी लिहिते.

तुला तुझी ती निळी सायकल आठवते? तिची चेन सारखी निसटायची. का निसटते ते सांग म्हणून मी तुझ्या मागे लागले होते. तू माझ्या हातात पाना दिलास आणि म्हणालास, "सांगणार नाही. बघ." संध्याकाळपर्यंत मी रडकुंडीला आले, हात कोपरापर्यंत काळे. आईने तुला झापलं, "पोरीला सांगितलंस तर जीभ झिजेल का तुझी?" तरी तू सांगितलं नाहीस. चाकाचे दाते झिजलेत हे मला सापडलं तेव्हा माझ्यापेक्षा मोठ्यांदा तूच ओरडलास.

ही पद्धत मी कोणत्या परदेशी विद्यापीठातून उचलली, असं लोक विचारतात. मी सांगत नाही. सांगायचं तर विभागप्रमुखांचं नाव घ्यावं लागेल.

पुढे तू शिकवायला लागलास आणि वर्गाकडे पाठ करून फळा भरायला लागलास. मी बसलेय तुझ्या वर्गात. अक्षर मोत्यासारखं. पण तासभर मला दिसायची ती तुझी पाठ. त्या फळ्याचं पुढे पिवळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक झालं. मुलं त्याला "पिवळं" म्हणतात. पिवळं पाठ केलं की पास.

आता ठकू. कितीही टाळलं तरी तिच्यापाशी यावंच लागणार.

ती दुसऱ्या तुकडीत आहे असं तुला वाटतं. सत्र सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिने तुकडी बदलून घेतली. तुझी लेक माझ्या वर्गात आहे, दादा. वहिनीला माहीत आहे. तुला सांगायचं धाडस त्या दोघींना झालं नाही.

वहिनीच्या कुंड्यांसाठी तू गॅलरीच्या भिंतीत सळई रोवून घेतलीस, ते आठव. तू ठकूला म्हणाला होतास, "घरात इंजिनिअर असताना मिस्त्रीला काय विचारायचं? पिवळं काढ आणि सळई किती जाड लागेल ते तूच सांग." तिने सांगितलं. सळई बसली, कुंड्या चढल्या आणि आठवड्याच्या आत सगळं खाली आलं. तू म्हणालास, "सळईच भेसळीची. दुकानदार चोर."

ठकू ती वाकलेली सळई माझ्या वर्गात घेऊन आली.

वर्गाने आधी तुझंच म्हणणं तपासलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रात सळईचा तुकडा ओढून पाहिला. पोलाद चोख निघालं. मग भिंत? भिंतीला साधा तडाही नव्हता. कुंड्यांचं वजन? ते वहिनीने काट्यावर करून दिलं, बरोबर होतं. "मग राहिलं काय?" एका मुलाने विचारलं. ठकू म्हणाली, "माझा हिशेब." आणि तिने पिवळं उघडलं.

चौथं प्रकरण, सातवं उदाहरण. एकच टोक भिंतीत रोवलेली दांडी, अंगावर सारखा भार. पुस्तकात भार आणि लांबीचा गुणाकार आठने भागलाय. आठने भागतात ते दोन्ही टोकांना आधार असतो तेव्हा. इथे दोनने भागायला हवं. दोनाच्या जागी आठ पडल्यामुळे भिंतीपाशी येणारा जोर आहे त्याच्या चौथाईच दिसतो. पुस्तकात दांडी टिकते. गॅलरीत वाकते.

छपाईची चूक आहे, मला शंका नाही. तुझी आकडेमोड मी ओळखते. पण आवृत्तीमागून आवृत्ती मुलं आठ पाठ करतात, परीक्षेत आठ लिहितात, तुझ्या नमुना उत्तरातही आठच आहे, आणि तपासणारे आठ बघून पूर्ण गुण देतात. मीही ते पान शिकवलंय, माझीही नजर तिथे अडली नाही. वर्गात एक मुलगी एकदम हसायला लागली. गेल्या वर्षी ती दोन लिहून नापास झाली होती. नंतर आठ घोकून पास झाली. हसता हसता ती थांबली. तो एकच तास आमच्याकडे गोंगाट नव्हता.

मला वाटलं ठकू रडेल. ती सळईवरून हात फिरवत म्हणाली, "आत्या, बाबांनी एकदा तरी ही हातात धरून बघितली असती ना." वर्गात ती मला मॅडम म्हणते. त्या दिवशी विसरली.

बुधवारी परिषदेने एका विद्यार्थ्यालाही बोलावलंय. वर्गाने ठकूला निवडलं. ती सळई घेऊन येणार आहे. मी तिला नको म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तूही म्हणू नकोस.

हा सौदा समजू नकोस. तू तक्रार मागे घेतलीस तरी तो आठ मी झाकणार नाही. नाही घेतलीस तरी माझ्या बचावासाठी त्याचा उच्चार करणार नाही. तुझ्या पाठीमागे काही व्हायला नको, एवढ्यासाठीच हे लिहिलं. तुझ्या हातात अजून दोन दिवस आहेत. तूच उभा राहून म्हणालास, "चूक माझ्या पुस्तकात आहे, आणि ती माझ्या मुलीने शोधली," तर त्या सभागृहात तुझ्याएवढा उंच माणूस नसेल. नाही म्हणालास तरी ती बोलेलच. मुलगी कुणाची आहे?

माझा विषय गेला तर जाऊ दे. जिथे बसवाल तिथली खुर्ची मोडकी निघाली, तर ती का मोडली ते आधी शोधीन, मग वेळापत्रक.

वहिनीला सांग, नव्या सळईचा हिशेब ठकूने करून ठेवलाय, या वेळी दोनने भागून. माझं मत विचारशील तर दुसऱ्या टोकालाही एक आधार द्यावा. एकाच टोकावर सगळा भार पेलायचा म्हणजे काय, हे मला हल्ली विभागात बसून चांगलं कळतंय.

बुधवारी मी स्वतः काय बोलणार आहे, ते मात्र विचारू नकोस. सांगणार नाही. बघ.

तुझी पाठची