ऐकलं असेल तर परत सांगा

प्रिय पोरी,

कुरियरवाल्याने आणलेलं तुझं पाकीट मिळालं. आत घराची किल्ली, सोबत साधी चिठ्ठीसुद्धा नाही. किल्ली मी खुंटीवर तुझ्या जागी लावून टाकली आहे. मी रागावले आहे, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे कुठे गोड बोलले तर तुला शंका यायला नको.

डेपो पुन्हा सुरू झाला. तेलाच्या टाक्यांना नवा रंग दिलाय, पंपघर नव्याने बांधतायत, आणि माझा दवाखाना होता तिथेच आहे, खिडकीसकट. कुणाचं बोट चेपलं की मी पट्टी बांधते, वर दोन शब्द सुनावते. एवढं सगळं झाल्यावर आता कशाला कामावर येता, असं जो तो विचारतो. घरी बसून भिंतींशी बोलू का?

तू आणलेली ती सवय मात्र माझी अजून सुटत नाही. संकटाच्या लाइनवर माणसाचं नाव घ्यायचं नाही, जागेचं घ्यायचं, आणि ऐकलेला हुकूम तसाच परत सांगायचा. म्हणजे दूर शहरात कंट्रोलमध्ये बसलेल्या तुला कळतं की तो इथल्या माणसापर्यंत नीट पोचला. तुम्ही नवराबायकोने त्याचा खेळच करून टाकला होता. तू तिकडून फोनवर म्हणायचीस, स्वयंपाकघर, मीठ कमी टाका. आणि माझा हा लंबूटांग लेक हातात पळी धरून, तोंड गंभीर करून सांगायचा, स्वयंपाकघर, मीठ कमी टाकतोय. मग हमखास जास्त टाकायचा. परवा आमटीत मीठ घालताना मी एकटीच ते बोलून गेले. नंतर गॅस बंद केला आणि तिथेच बसून राहिले.

त्या दुपारी आपण तिघंही एकाच लाइनवर होतो. तू तुझ्या पडद्यांसमोर, तो पंपघरात, मी दवाखान्यात. पाइप फुटून आग लागली, धुराने तुझे कॅमेरे आंधळे झाले, आणि केबल जळाल्यामुळे तेल तोडणारा मुख्य व्हॉल्व्ह तुझ्या बटणाला दाद देईना. तुला दिसत होते ते फक्त आकडे. शेजारची टाकी तापत चालली होती, आणि फाटकापाशी भरलेले टँकर अडकले होते, ड्रायव्हरांसकट. तू म्हणालीस, "पंपघर, व्हॉल्व्ह हाताने बंद करा." त्याने सांगितलं, "पंपघर. हाताने बंद करतोय." तिघांपैकी कुणीही कुणाला नावाने हाक मारली नाही. दाब उतरला तशी तू म्हणालीस, "पंपघर, बाहेर या." ते कुणी परत सांगितलं नाही. तू पुन्हा म्हणालीस, आणि पुन्हा. मग त्याच आवाजात फाटकाला, बंबवाल्यांना, मला हुकूम देत राहिलीस, शेवटचा ड्रायव्हर सुखरूप बाहेर पडेपर्यंत.

खोटं कशाला बोलू. सुरुवातीला तुझा तो आवाज मला सहन होत नव्हता. लोक म्हणाले, बायको आहे की दगड, आणि मी त्यांना गप्प केलं नाही. त्याला निरोप देताना तू माझ्या शेजारी उभी होतीस. तुझे ओठ हलत होते. तू मनातल्या मनात अजून त्याला बाहेर बोलावत होतीस, हे मला दिसत होतं, आणि तरी मी तुझा हात धरला नाही. तू काय समजायचं ते समजलीस आणि निघून गेलीस.

चौकशीवाल्यांनी तुझा जबाब तिकडे घेतला, माझा इकडे. मी काय सांगितलं ते तुझ्या कानावर आलंच नसणार. तुझे कॅमेरे बंद पडले होते, पण माझी खिडकी होती. वाऱ्याने धूर जरा सरकला आणि मी त्याला पाहिलं. तो बाहेर आला होता, पंपघराच्या पायरीवर उभा राहून खोकत होता. माझा जीव भांड्यात पडला. त्याने फाटकाकडे पाहिलं, ते टँकर पाहिले, आणि वळून परत आत गेला. व्हॉल्व्ह बंद करायचा तुझा हुकूम आला तो त्यानंतर. तू त्याला आत धाडलं नाहीस, पोरी. तू सांगायच्या आधीच तो गेला होता. तुझं मिठाचं ज्याने कधी ऐकलं नाही, तो हे काय ऐकणार होता? त्याने स्वतःचं ठरवलं होतं. तुला परत सांगितलं ते तुझ्या जिवाला जरा धीर वाटावा म्हणून.

हे मला तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं. पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. किल्ली मी पाठवणार नाही, ती तूच येऊन खुंटीवरून घ्यायचीस. बाहेर या म्हटल्यावर पलीकडून काहीच न येणं काय असतं, ते तुला माहीत आहे. माझ्यावर ती वेळ आणू नकोस. एक लेकरू त्या लाइनवर गेलं, दुसरंही गप्प बसलं तर मी कुणाशी बोलू? कंट्रोल, घर बोलतंय. निघून या. ऐकलं असेल तर परत सांगा. मी फोनपाशीच बसले आहे.

तुझीच,
आई