खंबाटकीच्या चढावरील आठ खुंट्या

शिरवळ, १४ मे १९९६

माझी पत्नी कालकथित प्रियदर्शनी महेंद्र वाघमारे यांस,
सप्रेम जय भीम.

पत्राच्या आरंभी प्रकृतीची विचारपूस करण्याचा प्रघात आहे. तू जाऊन चार महिने झाले असल्याने तो मुद्दा वगळतो. माझी प्रकृती ठीक आहे. (माधवनगरच्या घरी आमटी अजून करपते.) आपल्या धम्मात आत्म्याला थारा नाही, हे मला पूर्णपणे मान्य असून हे पत्र केवळ कामाच्या पूर्ततेसाठी लिहीत आहे, याची नोंद घ्यावी.

काम तुला ठाऊक आहे. इंग्रजांच्या काळी मिरजेकडच्या रेल्वेसाठी दोन मार्गांचा विचार झाला. गाडी लोणंद-वाठारवरून गेली आणि शिरवळहून खंबाटकी चढून थेट साताऱ्यास येणारा मार्ग कागदावरच राहिला. तो शक्य होता, असे तुझा प्रबंध म्हणतो. एवढ्या चढावर इंजिन चढणार नाही, असे मी (बांधकाम खात्यातील तेहतीस वर्षांच्या आरेखनाच्या बळावर) म्हणत राहिलो आणि तू दोन वर्षे मागूनही नकाशा काढून दिला नाही. नकाशा जूनअखेर जोडला नाही तर प्रबंध कायमचा बाद होईल. म्हणून तू भाड्याने घेतलेल्या खोलीत उतरून, तुझी वही हाती धरून मी मोजणी सुरू केली.

दर अर्ध्या किलोमीटरला तू ठोकलेली बाभळीची खुंटी जागेवर सापडली. वहीत तेवीस आहेत, कारण तेविसावीपाशी तुला चक्कर आली होती. तेथील वस्तीची सारी घरे एका मोकळ्या पट्ट्याकडे पाठ करून उभी आहेत. येथून आगगाडी जाणार, असे कोणा साहेबाने सांगितल्यापासून त्या पट्ट्यावर कोणी कडब्याची गंजदेखील रचत नाही. बरोबर बाराला धोंडुबाई नावाच्या वृद्धेने आपल्या शेळ्या बाजूला हाकलल्या आणि ती माझ्यावर ओरडली, "आवं सायेब, सरका की तिथनं! गाडीची येळ झाली." मी सरकलो. (टेपही गुंडाळला.) जमीन थरथरली, महामार्गावरील ट्रक असावेत. शेळ्यांनी मात्र डावीकडून उजवीकडे हळूहळू माना वळवल्या, साऱ्यांनी एकदम.

मोजणीवाल्या बाई आठवतात का, असे मी विचारले.

"आठवायला काय झालं? मगाशीच तर फुडं गेल्या."

त्या जानेवारीतच वारल्या, असे मी स्पष्टपणे सांगितले. तिने मला नीट न्याहाळले. "मग? काम ऱ्हायलं व्हतं की त्यांचं. तुमीच लय उशीर केला बघा."

पुढे खुंटी असण्याचे कारण नव्हते. होती. चोविसावी, पंचविसावी, अशा एकतीसपर्यंत. आकडे तुझ्या हातचे. सत्ताविसावीवरील सातला तुझी नेहमीची आडवी रेघ. एकतिसावीचा पांढरा रंग माझ्या अंगठ्याला लागला. (रॉकेलनेही निघाला नाही.) मी चढ सरळ रेषेत धरला होता; तुझ्या खुंट्या डोंगराच्या सोंडेला वळसा घालतात आणि तेथे चढ चाळीस फुटांना एक फूट, याहून अधिक भरत नाही. तीनदा मोजले. इंजिन चढले असते. माझे चुकले. हे वाक्य तुझ्या हयातीत लिहायला घरात कागद पुष्कळ होता.

तुझा,
महेंद्र शंकर वाघमारे
(निवृत्त मुख्य आरेखक)

ता. क. खुंट्या कोणी ठोकल्या, याविषयी तर्क करण्याचे मी टाळतो.

ता. क. दुसरा. नकाशाला साताऱ्यापर्यंतचे आकडे हवेत. लांबची मोजणी दोन्ही टोकांकडून करण्याची आमच्या खात्याची पद्धत आहे. उद्यापासून मी साताऱ्याच्या बाजूने निघतो. तू तुझ्या बाजूने चालू ठेवावेस, ही विनंती. पांढऱ्या रंगाचा नवा डबा एकतिसावीपाशी ठेवला आहे.

ता. क. तिसरा. खोलीस कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या (तुझी आणि माझी) घरमालक जोतीराम यांस परत केल्या.