लंबकाचे शहाण्णव झोके

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार दाखल करायची आहे, तेव्हा चष्मा लाव आणि बसून वाच. मामाने गावात काढलेल्या फिल्मच्या रिळांचं जे पार्सल तू पाठवलंस, त्याच्या सुतळीला एकूण सतरा गाठी होत्या. मी मोजल्या. त्यांतल्या चार तर गाठीवर गाठ, म्हणजे शास्त्रात ज्याला द्विरुक्ती म्हणतात तो दोष. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढून मी पंचवीस वर्षं पोट भरतो आहे, पण इतकी निर्दोष आणि इतकी निरर्थक कामगिरी माझ्या पाहण्यात नाही. आत होतं काय, तर गंजलेले सहा पत्र्याचे डबे. ते पळवण्यासाठी चोराला आधी प्रोजेक्टर पळवावा लागला असता.

असो. नमनालाच घडाभर तेल गेलं.

जुनी रिळं व्हिडिओ कॅसेटवर उतरवून देणारे एक गृहस्थ इथे सापडले. मी त्यांना रीळवाले म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. दोघांचंही काही बिघडत नाही. खोलीला काळे पडदे, समोर चुन्याची पांढरी भिंत. शनिवारी दुपारी पहिलं रीळ लावलं आणि ताई, आपलं गाव वेडं झालेलं पाहिलं! सगळे पळताहेत. टपालवाला सायकलवरून असा सुटला, जणू पिशवीतली पत्रं पेटली आहेत. न्हाव्याची कात्री गिऱ्हाइकाच्या कानाशी माशीसारखी भणभणते आहे. आई बादली घेऊन अंगणातून गोळीसारखी गेली. तू दोरीवरचे कपडे ओरबाडते आहेस. बाबा दुकानात काउंटरमागे बसलेत आणि त्यांचा उजवा हात काउंटरवर नुसता थरथरतो आहे.

रीळवाले म्हणाले, तेव्हाची रिळं कमी गतीने काढलेली असतात आणि त्यांचं यंत्र जास्त गतीने दाखवतं. किती कमी करायचं ते डब्यावर लिहिलेलं नाही. मग त्यांनी मला सरळ विचारलं की तुमची आई किती भरभर चालायची. तीस वर्षं त्या बाईच्या मागेपुढे केलं आणि तिची चाल मला सांगता येईना.

तेवढ्यात दुकानाच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दिसलं. तेच, जे आता तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. रिळात त्याचे वीस सेकंदांत अठ्ठेचाळीस झोके होतात, म्हणजे मिनिटाला एकशे चव्वेचाळीस. तुझ्याकडे मिनिटाला किती होतात ते मोज आणि उलट टपाली कळव. बाबांनी लावलेला लंबक आहे, खोटं बोलणार नाही. घाई का, ते विचारू नकोस. मला हल्ली सगळ्याचीच घाई झाली आहे.

लोभ आहे तितका पुरतो. वाढवलास तर परत करणार नाही.

तुझा,
भाऊ


९ जुलै

चि. पंडितास,
अ. उ. आ.

सुतळी सोडायची असते, मोजायची नसते. तुझ्या त्या शास्त्रात हे सांगितलेलं दिसत नाही.

घड्याळ मोजलं. पहिल्या खेपेला त्रेपन्नावर असताना शेजारीण डोकावली आणि म्हणाली की भिंतीकडे बघून पुटपुटायची वेळ माझ्यावर इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला शहाण्णव. तिसऱ्या खेपेला तुझ्या मेहुण्यांना मनगटी घड्याळ घेऊन समोर उभं केलं, तेव्हाही शहाण्णव. निवृत्तीनंतर इतक्या जबाबदारीचं काम त्यांना प्रथमच मिळालं, म्हणून दिवसभर खुशीत होते.

आणि आईची चाल तुला आठवत नाही? अरे, तू तिला मालगाडी म्हणायचास! मागून हाक मारली की आधी थांबायची, मग विचार करायची, मग वळायची.

आता मुद्द्याचं. तुझ्या बायकोचं पत्र आलं आहे. ती लिहिते की पंखा बंद असतानाही तुझ्या हातातलं वर्तमानपत्र फडफडतं. अठ्ठावीस तारखेला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं आहे आणि घरात कुणाला कंपवात होता का, कितव्या वर्षी सुरू झाला, हे त्यांना हवं आहे. तुझ्या पत्रात गाठी सतरा आणि याबद्दल अक्षर नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय जुनीच.

तू आधीच्या डॉक्टरांना सत्तरी सांगितलीस म्हणे. बरोबरच सांगितलंस. बाबांचा हात कापायला लागला तो सत्तरीनंतर, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्या वयात कुणाचा कापत नाही? तू तर अजून पन्नाशीलाही टेकला नाहीस. रिळात सगळं गावच थरथरत असेल तर बाबांचा हात काय वेगळा राहणार? यंत्राची गती नीट कर, हातही नीट होईल. आणि रात्रंदिवस मुद्रितं तपासलीस की कुणाचाही हात भरून येतो.

ताईपण गाजवायचं तेवढं गाजवून घेतलं. आशीर्वाद आहेतच, ते संपत नाहीत.

ताई


१५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मेहुण्यांना माझ्यातर्फे कालमापनाचार्य ही पदवी कळव. त्यांच्या शहाण्णवांनी गावाचं डोकं ठिकाणावर आलं.

रीळवाले बटण फिरवत गेले, मी भिंतीवरचा लंबक मोजत गेलो. वीस सेकंदांत बत्तीस झोके आल्यावर थांबलो. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं. टपालवाला सायकलवरून सावकाश उतरला, पायजम्याची कड साखळीतून सोडवली आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे बघितलं. मामाने पाहिलं होतं. न्हावी दर चारदा कात्री चालवली की थांबून गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत होता आणि गिऱ्हाईक मान हलवू शकत नसल्यामुळे सगळं त्याला पटत होतं. आई अंगणाच्या मध्यावर थांबली. बादली या हातातून त्या हातात घेतली. कॅमेऱ्याकडे बघून मामाला काहीतरी बोलली, ते ऐकू न येताही मला कळलं. रिकामा असशील तर बादली धर, याहून दुसरं काही नसणार. मग गेली. मालगाडीच. मी पडद्याआड उभा राहून नाक पुसलं. रीळवाल्यांना सर्दी म्हणून सांगितलं.

छापखान्यात नेहमीप्रमाणे. एका विद्वानांचा सहाशे पानांचा ग्रंथ आला आहे, त्यात त्यांनी कुणाचंही मत खोडून काढायचं ठेवलेलं नाही, स्वतःचंसुद्धा. चिमणीची कॉलेजची परीक्षा झाली. लेक आता घरभर रेडिओ घेऊन फिरते.

हो, एक राहिलं. बाबांचा हात थांबला नाही.

चिमट्याने स्क्रू उचलताना तो अगदी दगडासारखा स्थिर आहे. स्क्रू खाली ठेवला, हात काउंटरवर नुसता टेकवला, की पुन्हा सुरू. अंगठा आणि पहिलं बोट, जणू गोळी वळताहेत. समोर गिऱ्हाईक बोलत आहे, त्याचा हात शांत. मागे लंबक आपल्या गतीने चालला आहे. गावात सगळं शांत झालं ताई, तेवढं सोडून.

डब्यावर मामाने साल घातलं आहे. हिशेब केला, तेव्हा बाबा सेहेचाळीस वर्षांचे होते. तात्पर्य, यंत्र निर्दोष आहे.

इत्यलम्.

तुझा,
भाऊ


२० जुलै

चि. भावास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि तुझा इतका राग आला की दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मामाने साल चुकीचं घातलं असणार, असं मनाशी ठरवून टाकलं. ज्याला स्वतःच्या लग्नाची तारीख सांगता यायची नाही तो रिळांवर साल काय घालणार! मग फ्रॉकवरून वर्ष ताडायला कपाटातला जुना फोटो काढला. दोरीवरचे कपडे काढताना मी कोणता फ्रॉक घातला आहे ते तू लिहिलं नाहीस, पण कपडे काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्याआधी दोरीपर्यंत हात पुरत नव्हता आणि पुढच्या वर्षी मी मावशीकडे शिकायला गेले. मामाचं साल बरोबर आहे.

मग सगळंच उलगडायला लागलं. तुला आठवतं का, बाबांनी घड्याळं दुरुस्त करायचं अचानक बंद केलं? तू लहान होतास. एके दिवशी येऊन सांगितलं की यापुढे दुकानात फक्त नवी घड्याळं विकायची, दुरुस्ती होणार नाही, डोळे साथ देत नाहीत. काका म्हणाले, अंगात आळस भरला. आई त्यांना सहा महिने शेठ म्हणत होती. आणि मी तर महिनाभर बोलले नाही, कारण शाळेतून आल्यावर त्यांच्या शेजारी बसून स्क्रू देण्याचा मान माझा होता आणि त्यांनी चिमट्यांचा सगळा संच चौकातल्या दुसऱ्या घड्याळजीला देऊन टाकला, मला न विचारता.

डोळे गेले म्हणून सांगणारा माणूस शेवटच्या आजारपणापर्यंत बिनचष्म्याने वर्तमानपत्राचा बारीक टाइप वाचत होता. आपल्या घरात सहा माणसं. एकालाही हे विचित्र वाटलं नाही. टोमणे मारण्यात आपण इतके गर्क होतो.

मी तुला सत्तरीची खात्री दिली, ती मागे घेते. मोठ्या बहिणीने खात्री द्यायची असते, म्हणून दिली होती.

आता माझं ऐक. तुझी तीन पत्रं शेजारी शेजारी ठेवली आहेत. (दोनच या महिन्याची, तिसरं जपून ठेवलेलं, गेल्या वर्षीचं.) तुझं अक्षर टपोरं असायचं. आता पहिल्या दोन ओळी टपोऱ्या आणि खाली उतरता उतरता मुंग्यांची रांग. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून कागदावरच विचारते. हात कधीपासून कापतो? खरं लिही. विनोद न करता एक पत्र लिहिलंस तर काही आभाळ कोसळणार नाही.

वाट पाहते आहे, घड्याळाकडे न बघता.

ताई


२४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आठ महिने झाले.

आधी छापखान्यात कळलं. मी समासात केलेली खूण घेऊन अक्षरजुळणी करणारी मुलगी माझ्याकडे आली आणि तिने अगदी अदबीने विचारलं की हा स्वल्पविराम आहे की मास्तरांना काही शंका आहे. सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून डाव्या हाताने उजवं कोपर दाबून धरून खुणा करतो. घरी वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचू लागलो. एकदा विसरलो, तेवढ्यात बायकोने पाहिलं.

आता चौथ्या रिळाबद्दल. ते मी तुला कळवणार नव्हतो.

दुकानाची पायरी आहे. बाबा दारात उभे, हात बाजूला सोडलेला, कापतो आहे. शेजारी मी, नऊ वर्षांचा. मी त्यांच्या हाताकडे बघतो. मग कॅमेऱ्याकडे बघतो आणि आपला हात तस्साच थरथरवून दाखवतो. नक्कल चांगली आहे. पुन्हा करतो, या वेळी दोन्ही हातांनी, डोळे फिरवून. चित्र हलायला लागतं, म्हणजे मामा हसतो आहे. तू कडेला पोट धरून हसते आहेस. आईने तोंडाला पदर लावला आहे. बाबाही हसतात. माझ्या डोक्यावर डाव्या हाताने टपली मारतात आणि उजवा हात खिशात घालतात.

उरलेली दोन रिळं मी रीळवाल्यांना दोनदा लावायला सांगितली. बाबा त्यांत अकरा ठिकाणी आहेत. पायरीवर, मंडईत, मामाच्या निरोपाला, तुला मावशीकडे पाठवताना. अकराही ठिकाणी उजवा हात खिशात. तुला निरोप देताना ट्रंकही त्यांनी डाव्या हाताने उचलली.

मला यातलं काही आठवत नाही. खोटं नाही सांगत. आठवत असतं तर बरं झालं असतं, निदान त्यांच्या हयातीत कधीतरी काही बोललो असतो.

सत्तरीनंतर त्यांचा हात कापायला लागला नाही, ताई. सत्तरीनंतर त्यांनी तो खिशातून बाहेर काढला. म्हाताऱ्याचा हात कापला तर कुणी विचारत नाही.

डॉक्टरांना मी सेहेचाळीस सांगणार आहे. त्यावरून ते काय म्हणतील याचा मला थोडाफार अंदाज आहे आणि त्याचं मी बघून घेईन. औषधं आहेत म्हणतात. पण चिमणीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ती खोलीत आली की माझा हात आपोआप खिशात जातो. परवा तिने पेला पुढे केला आणि मी तो डाव्या हाताने घेतला, आणि ती क्षणभर माझ्या खिशाकडे बघत राहिली. हसली नाही. तिने काही विचारलंही नाही. आपल्या घरात कुणी विचारत नाही.

बाबांनी हे चोवीस वर्षं एकट्याने केलं. मला आठ महिन्यांतच जमेनासं झालं आहे. अठ्ठावीसला तू ये. बायको बरोबर असेलच, पण तिने त्या वयातले बाबा पाहिलेले नाहीत. दवाखान्यातून आल्यावर चिमणीला सांगायचं आहे आणि सुरुवात कशी करायची ते मला सुचत नाही. मला भीती वाटते, ताई.

तुझा,
भाऊ