भिंतीपलीकडची चौथी 'ब'

प्रति,
मा. तालुका प्राथमिक शिक्षणाधिकारी साहेब,
तालुका पंचायत कचेरी, धारणवाव.

अर्जदार: हरकांत नर्मदाशंकर पंड्या, वर्गशिक्षक, चौथी 'अ', प्राथमिक शाळा, नाना खिजडवदर.

विषय: माझा वर्ग आणि माझा नमुना पाठ, दोन्ही परत मिळणेबाबत.

संदर्भ: गेल्या शनिवारची आपली शाळाभेट व शेरेबुक. (तोरलबेन सोलंकी: सव्वा पान. मी: "पाहिले.")

महोदय,

१. सविनय सादर करतो की सबंध तालुक्यात माझ्या वर्गाइतका शांत वर्ग नाही. सत्तावीस वर्षं मी फळ्यावर लिहितो आणि मुलं उतरवून घेतात. कबुतर चाललं तरी ऐकू येतं. आपण शनिवारी दार उघडलंत तेव्हा ही शांतता आपण स्वतः अनुभवलीत. वर्गात तेव्हा मी, फळा आणि झोपलेला एक विद्यार्थी एवढेच होतो, हे खरं आहे. उरलेली तीस मुलं पाणी प्यायला गेली होती. ती शेजारी चौथी 'ब'मध्ये तोरलबेनच्या पुढ्यात बसलेली आपल्याला सापडली, त्याला मी काय करू? माझी दाराकडे पाठ होती. लिहीत होतो.

२. तोरलबेन जूनमध्ये बदलून आल्या. त्यांची शिकवण्याची रीत अशी की त्या खुर्चीवर बसतच नाहीत. खुर्ची मुलांची, त्या खाली. वर जाणूनबुजून चुका करतात. मी भिंतीचा गिलावा तपासत होतो, तेव्हा कानाने ऐकलं. पोरं ओरडतात, "बेन, चुकलात, चुकलात!" आणि या म्हणतात, "अगं बाई! मग मला कोण शिकवणार आता?" की साठ हात वर. त्यातले तीस माझे.

मग मीही फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं आणि वाट पाहिली. सगळ्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मलाच सांगावं लागलं की चूक होती. तेव्हा लाछू रबारी उठून म्हणाली, "साहेब, मग पाठ कुठलं करायचं? चोपन्न झालंय माझं."

३. बेननी बाजरीच्या रोटल्याचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले, वर गूळ. पोरांनी पाव, अर्धा, पाऊण सगळं खाल्लं आणि सगळं पाठही झालं. मी नक्कल केलेली नाही. मी गूळ-तुपाच्या सुखडीचं ताट नेलं. घरी सांगितलं होतं की वड्या जरा घट्ट करा, भाग नीट पडायला हवेत. त्या पडेनात. पट्टी मोडली. डस्टरने ठोकलं तेव्हा एक कोपरा उडून पृथ्वीच्या गोलाला लागला आणि पृथ्वी कपाटावरून खाली आली. लाछू म्हणाली, "साहेब, हिचे भाग व्हायचे नाहीत. ही पूर्ण संख्या आहे." वर्ग हसला. माझ्या वर्गातलं सत्तावीस वर्षांतलं ते पहिलं हसू, आणि भिंतीपलीकडून बेननी विचारलं, "पंड्यासाहेब, आज काय मजा चाललीय?"

४. प्रार्थनेच्या वेळी मुलं सगळ्यांत नीटनेटक्याला 'आजचं गुलाब' निवडतात आणि त्याच्या छातीला कागदी फूल लावतात, हे आपण जाणताच. यंदापासून शिक्षकही निवडता येतात. बेनना चार वेळा मिळालं. माझा झब्बा रोज इस्त्रीचा, त्यांच्या साडीला खडू. शाळेचे आचार्य रवजीभाई यांच्याकडे दाद मागितली तर म्हणाले, "मुलं निवडतात हो, मी काय करू? जरा हसून बघा की." सोमवारी हसलो. पहिलीतली दोन मुलं रडायला लागली.

५. जानेवारीतला पहिल्या शनिवारचा नमुना पाठ एकोणीस वर्षं मी देत आलो. चाळीस शिक्षक मागे बसून माझं अक्षर बघतात. यंदा आपण तो बेनना दिलात. मी निवृत्त व्हायला दोन वर्षं आहेत, साहेब.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. ही लाछू तिसरीपासून माझ्याकडे आहे. दीड वर्ष तिला वाचता येत नव्हतं. शाळा सुटल्यावर मी तिला बसवून घेतलं, बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. काही केल्या येईना. नवरात्रीपासून तिची तहान वाढली आणि आता म्हणे ती वाचते. म्हणे, कारण माझ्यापुढे तिने अजून वाचलेलं नाही. बेननी असं काय केलं, ते कोणीतरी मला सांगावं. त्यांना विचारणं माझ्याच्यानं होत नाही.

६. तरी विनंती की (क) माझी तीस मुलं परत मिळावीत. (ख) नमुना पाठ मला मिळावा. (ग) ते न जमल्यास मधली भिंत जाड करावी.

७. कळविणे भाग आहे की या अर्जाची कच्ची प्रत काल ओसरीवर माझ्या हातून पडली. सापडलेली वस्तू 'खोया-पाया'च्या डब्यात टाकावी आणि प्रार्थनेनंतर पुकारावी, असा शाळेचा नियम आहे. आज पुकारायची पाळी लाछूची होती. तिने दोनशे बारा मुलांसमोर अर्ज 'प्रति'पासून सहाव्या कलमापर्यंत वाचला. "सविनय"ला अडली नाही, "नर्मदाशंकर"लाही नाही. पाचव्या कलमाला जरा थांबली, मग पुढे गेली. शेवटी विचारलं, "हे कोणाचं हरवलंय?"

मी हात वर केला.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
ह. न. पंड्या
दि. १२ डिसेंबर

सोबत:
१) सुखडी, एक वडी (अखंड).
२) कच्ची प्रत जोडता आली नाही. जानेवारीच्या नमुना पाठात वाचनाचा उतारा म्हणून तोरलबेननी ती मागून घेतली आहे, आणि मी दिली आहे.