चिमीने आधी हात धुवावेत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
आरोग्य केंद्र.

विषय: मयत मुलीच्या नावे लेखी आदेश मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या परिचारिकाताईंनी आमच्या घरी दिलेली भेट.

महोदय,

अर्जदार गवंडी असून पूर्ण शुद्धीवर आहे. विषय वाचून आपणांस तसे वाटणार नाही, म्हणून आधीच नमूद करतो.

१. आमच्या घरी जेवणाआधी सर्वांनी एकाच घंगाळात हात धुण्याची रीत होती. मान मोठ्यांचा. पहिले वडील, मग मी, मग माझे कुटुंब (पत्नी) आणि सर्वांत शेवटी मुलगी चिमी. तिच्या वाट्याला आमचे गढूळ पाणी येई. एकदा ती मध्ये घुसली तेव्हा वडिलांनी, "मोठ्यांचं होऊ दे की गं आधी," म्हणून तिला मागे सारले. पुन्हा ती कधी घुसली नाही. गेल्या साथीत जुलाबांनी ती गेली. आम्हा तिघांना काहीही झाले नाही.

२. त्यानंतर ताई आल्या. घंगाळ बंद करा, तांब्याने वरून पाणी घेऊन साबणाने हात धुवा, असे त्यांनी समजावले. आम्हांस पटले. वडील ते ऐकून उठले आणि घरामागे जाऊन बसले. तेव्हापासून ते धड जेवलेले नाहीत.

३. तक्रार अशी की, कुटुंबाने आता पाळी उलटी केली आहे. "आधी चिमीला धुऊ द्या," म्हणते आणि तांब्या भरून मोरीपाशी उभी राहते. चिमी येत नाही. तिच्याआधी कोणी पाण्याला हात लावायचा नाही, यास वडिलांचाही दुजोरा आहे. परिणामी घरात कोणीच हात धूत नाही. चिमीच्या रांगत्या धाकट्या भावाची शी काढलेल्या हातानेच त्याचा भात कालवला जातो. मी समजावून थकलो, भांडून थकलो.

४. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तथापि मोरीजवळच्या भिंतीवर, चिमीच्या उंचीला, लहान हाताचा ओला ठसा उमटतो. मी तेथे नव्याने गिलावा केला, तरी उमटला. शेजाऱ्यांस मी ओल आहे म्हणून सांगतो. माझ्या हातच्या भिंतीला ओल येत नाही, हे आपण कोणासही विचारावे. मला भीती वाटते, आणि कधी ठसा दिसला नाही तर जास्त वाटते.

५. कालपासून धाकट्यास जुलाब लागले आहेत. डोळे खोल गेले आहेत. आपण सलाईन लावाल, तो उठेलही. पण मला त्याला परत त्याच घरी न्यायचे आहे.

सबब विनंती की, आपल्या सहीशिक्क्यानिशी चिमीच्या नावे आदेश काढावा, की तिने आधी हात धुवावेत, मोठ्यांसाठी थांबू नये. मोरीपाशी उभा राहून मी तो मोठ्याने वाचीन. ती ऐकेल. सांगितलेले तिने कधी मोडले नाही. म्हणून तर ती गेली.

आपल्याच ओसरीत, मूल मांडीवर घेऊन बसलेला,
अर्जदार (चिमीचा बाप)
दिनांक: आजचा

सोबत: घंगाळ, एक. घरात ठेवता येत नाही, मोडीत घालायला हात धजत नाही.