खोडलेले अठ्ठावीस

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय निशा,

पत्राच्या वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची माझी सवय. आज ते लिहिलेलं नाही, का ते पुढं येईल. यल्लव्वा मावशींना माझा जय भीम सांग. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा त्यांनीच उचलला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "सर, ती हितंच शेजारी बसलीया, पण बोलत न्हाय म्हणतीया." तुझ्या आईला खोटं बोलता येत नाही. तो गुण तुझ्यात कुठून आला ते तेव्हा कळलं.

बरं झालं बोलली नाहीस. मी बोलण्यात हुशार माणूस. फोनवर तुला एकदोन विनोद सांगून हसवलं असतं आणि मूळ गोष्ट बाजूला सारून मोकळा झालो असतो. कागदावर तसं जमत नाही. सकाळपासून चार कागद फाडलेत.

इकडची खबर अशी की दवाखान्याची लिफ्ट अजून बंदच आहे. आदर्श ब्रदरचं लग्न ठरलं, तेव्हापासून तो औषधाच्या ट्रॉलीवर गाणी म्हणतो. पेठेत फुटबॉलचा सराव सुरू झालाय. घरात बसून नुसत्या ओरडण्यावरून गोल कुणी मारला ते मी अजून सांगतो. कानांचं हे माझं कौतुक तुला पाठ आहे. पुस्तक उशिरा हातात आलं, त्याआधी स्ट्रेचर ढकलणारा 'मामा' म्हणून अकरा वर्षं काढली, तेव्हा कानांवरच शिकलो. कुठल्या डॉक्टरांची चप्पल आज रागात वाजते, कुठल्या खाटेवरचा खोकला ओला झालाय, सगळं दारातून सांगायचो. 'ब्रदर' झालो, पुढं तुम्हा पोरींना शिकवणारा 'सर' झालो, तरी भाकरी कानांचीच खात होतो.

गेल्या सोमवारी शालूबाई तपासणीला आल्या होत्या. राधानगरीकडच्या, गोठ्यात घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या. तुझ्या तीन नंबरच्या खाटेवरच्या. काठी घेऊन चालतात, पण चार पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. छातीतली ती दमछाक आता जायची नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मी लगबगीनं पुढं होऊन म्हणालो, आजी, ओळखलं का? त्या म्हणाल्या, तुमाला कोण इसरंल. मग इकडं तिकडं बघून विचारलं, "ती पोरगी कुठं हाय? माज्या पोटावर हात ठिवून घड्याळात बघत बसणारी?"

मी म्हणालो, ती गावाकडं गेली.

"का?"

मी काहीतरी पुटपुटलो. तुला सोयीचं नव्हतं, असं काहीसं. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि हळू आवाजात, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं बोलल्या. कान माझे चांगले आहेत हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

"तुमाला ऐकू आलतं की ब्रदर. दारात थांबलासा. मान वाकडी करून ऐकलासा. मग आत येऊन तिनं लिवलेलं खोडलासा. मी निजले न्हवते."

निशा, त्या सकाळपासून आजवर मी जो विचारेल त्याला सांगत आलो की त्या दिवशी माझे कान चुकले. मेट्रनबाईंना तेच सांगितलं, माझ्या बायकोला तेच. वय झालं, सत्तेचाळीस म्हणजे काही थोडं नाही, असं हसून म्हणायचो. लोकही हसून सोडून द्यायचे. कान चुकले नव्हते. शालूबाईंचा श्वास मला दारातच ऐकू आला होता. आखूड, वरच्यावर, कुत्र्याला धाप लागते तसा. तू मिनिटाला अठ्ठावीस लिहिलेस, मी मोजले असते तर तीसही भरले असते.

मग का खोडलं, हे तू मनात शंभरदा विचारलं असशील. तर ऐक. आदल्या दिवशी त्यांच्या मुलाला, विश्वजितला, मी छातीठोकपणे सांगितलं होतं की उद्या घरी जायचंय, गाडी सांगून ठेवा. गाडी खाली येऊन उभी होती. राऊंडला डॉक्टर यायला दहा मिनिटं होती. आणि तू, पाच महिन्यांची नर्स, विश्वजितच्या समोर उभी राहून म्हणालीस, "सर, अठ्ठावीस आहेत. मी दोनदा मोजले, पूर्ण मिनिट." आवाज चढवला नव्हतास. माझ्याकडं बघत होतीस, मी तुझं ऐकेन अशा खात्रीनं.

मी काय म्हणालो ते तू विसरली नसशील. "घड्याळ कुठल्या जत्रेतलं गं?" विश्वजित हसला, आदर्श हसला. तूसुद्धा हसायचा प्रयत्न केलास, ते सगळ्यात वाईट. मग मी तुझ्या हातून पेन घेतलं, अठ्ठावीसवर रेघ मारली आणि वीस लिहिलं.

आपल्या वॉर्डाची रीत तुला माहीत आहे. आपल्याकडं सगळी माणसं मिनिटाला अठरा नाहीतर वीस श्वास घेतात, मग तो धावत आलेला पोरगा असो की ऐंशीची म्हातारी. ताप मोजतात, नाडी मोजतात, दाब मोजतात, श्वासाच्या रकान्यात मात्र कुणी खाली न बघता अठरा लिहितं. मीच कितीकांना शिकवलं असेल, की नजर टाका आणि लिहा, एवढ्या खाटांना मिनिट मिनिट कोण देणार. तू आल्यावर पहिल्या आठवड्यात विचारलं होतंस, "सर, सगळ्यांचे सारखेच कसे?" मी म्हणालो होतो, कोल्हापूरची हवा. तेव्हाही सगळे हसले होते.

त्या सकाळचं आणखी एक आहे. नुसतं खोडून मी थांबलो नाही. तपासणीवाल्यांना खाडाखोड चालत नाही, पान स्वच्छ काढ, असं तुला सांगितलं. तू पेन हातात धरून थांबलीस. "माझ्या जबाबदारीवर लिही," मी म्हणालो. मग तू नव्या पानावर, तुझ्या त्या गोल अक्षरात, वीस लिहिलंस आणि खाली सही केलीस. तुझी सही. माझी जबाबदारी त्या पानावर कुठंच नव्हती.

नशीब एवढंच की डॉक्टरांनी ऑपरेशनच्या जखमेची पट्टी बदलायची म्हणून त्यांना जेवणापर्यंत थांबवून घेतलं. तीन वाजता शालूबाई निळ्या पडल्या. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. खाट तूच ढकलत नेलीस, मला आठवतं, चाक अडकलं ते लाथ मारून सोडवलंस. गाडीत असत्या तर राधानगरीच्या वळणांवर काय झालं असतं, त्याचा विचार मी करत नाही. खोटं. रोज करतो.

आता चौकशीचं लिहितो. इथवर येईपर्यंतच ते चार कागद फाटले.

समितीनं मला आत बोलावलं तेव्हा तू बाहेर बाकावर होतीस. साहेबांनी ते स्वच्छ पान पुढं ठेवलं आणि विचारलं, पेशंटला एवढी धाप लागली असताना इथं वीस कसे? मी म्हणालो, "पोरगी नवी आहे साहेब. मोजायला चुकली असेल." एवढंच म्हणालो. आवाज माझा गोड होता, जणू तुझ्यासाठी रदबदली करतोय. आणि त्याच वेळी दाराबाहेर तुझी चप्पल फरशीवर घासली. एकदाच. मला स्पष्ट ऐकू आलं. तुला ऐकू गेलं हे मला कळलं, आणि तरी मी ते वाक्य परत घेतलं नाही. नंतर तुला आत बोलावलं, तेव्हा तू म्हणालीस, चूक माझी आहे, मी दुसऱ्याचं ऐकून लिहिलं. कुणाचं ते सांगितलं नाहीस. साहेबांनी विचारलंही नाही.

त्या दिवसापासून तुझ्या अनुभवाच्या दाखल्यावर 'नोंदीत निष्काळजीपणा' हा शेरा बसला. पुण्याच्या दवाखान्यानं तो शेरा बघून तुझी मुलाखत अडवून ठेवली आहे, हे मला मावशींकडून कळलं. सध्या तू गावातल्या औषधाच्या दुकानात उभी असतेस, हेही.

आणखी एक तुला माहीत नाही. मी खोडलेलं मूळ पान फाडून टाकलं, असं मी तुला सांगितलं होतं. फाडलं नव्हतं. माझ्या कपाटात, माझ्या नर्सिंगच्या प्रमाणपत्राच्या मागं घडी करून ठेवलं होतं. का ठेवलं, ते मला नीट सांगता येत नाही. चांगलं वागायचा विचार होता असं म्हणू नकोस. विचार असता तर चार महिने गेले नसते. एका म्हातारीनं काठीवर हनुवटी ठेवून सांगितलं, तेव्हा हललो.

काल ते पान मी मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवलं. सोबत दोन पानी लेखी जबाब. वाचताना त्यांनी चष्मा दोनदा काढला. म्हणाल्या, कृष्णात, सुपरवायझरच्या बढतीचं तुझं ठरत आलं होतं. मी म्हणालो, माहीत आहे. पुढच्या शुक्रवारी समिती पुन्हा बसते आहे. शेरा काढून नवा दाखला देणार, तो टपालानं तुझ्याकडं येईल. माझं काय करायचं ते त्या दिवशीच ठरेल. तुला यायची गरज नाही. आलीस तर विश्वजितला घेऊन शालूबाईही येतो म्हणाल्यात. पायऱ्या आहेत, लिफ्ट बंद आहे. मी सांगितलं, खुर्चीत बसवून वर नेईन. तेवढं काम मला अजून येतं.

वॉर्डात आता मी नव्या पोरींना पेशंटच्या पोटावर हात ठेवायला लावतो, पूर्ण मिनिट, तोंड बंद. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, सर, ही पद्धत कुणाची? तुझं नाव सांगितलं. मग घड्याळाकडं बघत राहिलो, तर त्यांना वाटलं मीही मोजतोय.

माफी मागायला हे पत्र नाही. मागितली तर तुला ती द्यावी की न द्यावी असा आणखी एक भार पडेल, आणि आजवरचे पुरे आहेत. पुण्याला जाशील तेव्हा एवढंच कर, तुझ्यावरचा कुणी सर कितीही गोड बोलला तरी त्याच्या जबाबदारीवर काही लिहू नकोस.

सोबत त्या पानाची झेरॉक्स आहे. नीट बघ. अठ्ठावीसवरची रेघ जुनी आहे. तिच्या शेजारची सही नवी आहे, कालची तारीख घालून केलेली. खोडणाऱ्यानं बाजूला सही करायची असते, हे पहिल्या आठवड्यात मीच तुला शिकवलं होतं.

तीच सही इथंही करतो,

कृष्णात
(तुझे अठ्ठावीस खोडणारा)